फिटनेस घड्याळ लावून घोरणं तपासणं: आकड्यांवर किती विसंबायचं?

पारिजात_फोंडा

नमस्कार मंडळी. नवऱ्याचं घोरणं तपासायला घड्याळ घेतलं आहे. रोज सकाळी आकडे बघते, पण त्यांचं करायचं काय ते कळत नाही. कोणी वापरत असेल, कोणाला यातलं कळत असेल तर सविस्तर बोलूया.

नवरा पंचेचाळिशीचा. वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात पाळीने काम करतो. घोरतो लग्नापासून, पण गेल्या काही वर्षांत आवाजाची तऱ्हा बदललीय. पूर्वी एका लयीत चालायचं. आता आवाज चढत जातो आणि मधेच तुटतो. छाती-पोट हलताना दिसतं, पण नाकाशी हात धरला तर हवा लागत नाही. मी मनात मोजत राहते. दहा, पंधरा, कधी त्याच्याही पुढे. मग घशातून मोठा खरखरीत आवाज, एक हिसका, कूस बदलणं, आणि पुन्हा सुरू. चवथीला मूळ घरी सगळे सोप्यावर ओळीने झोपतो, तेव्हा सासूबाईंनीही हे पाहिलं. सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ह्याला कोणाला तरी दाखव गो."

तो दाखवायला तयार नाही. "बाबा पण घोरायचे, काही झालं नाही त्यांना" हे एकच उत्तर. आकडा समोर ठेवला तर ऐकेल, म्हणून घड्याळ. त्यात घोरण्याची नोंद आहे, पण आवाज घड्याळ ऐकत नाही, फोन ऐकतो. फोन उशाजवळ, चार्जिंगला लावून ठेवायचा. सकाळी किती मिनिटं घोरला ते येतं, आवाजाचे तुकडे ऐकता येतात, शिवाय रक्तातल्या ऑक्सिजनचा आलेख.

अडचण अशी की आमच्या मागच्या पडवीवर पत्रे आहेत. जोराचा पाऊस पडला की त्या रात्री घोरणं जवळजवळ शून्य. मी तर बाजूलाच जागी होते! उलट एका पहाटे पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा त्यात व्यवस्थित रेकॉर्ड झालाय. ऑक्सिजनचा आलेख कधी ९५-९६ वर सपाट, कधी मधेच ८४ पर्यंत खाली, कधी अख्खा तास रिकामा.

मग खरं काय धरायचं? हा आलेख डॉक्टरला दाखवला तर ते बघतील का? आणि मुख्य म्हणजे सकाळच्या पाळीला तो बोरीच्या पुलावरून लोटलीमार्गे मोटरसायकलने जातो. रात्रपाळीवरून परतताना डोळे मिटतात, असं एकदा सहज बोलून गेला. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

यंत्रवेडा_पर्वरी

पारिजातताई, वैद्यकीय उपकरणांची देखभाल हेच माझं काम आहे, म्हणून यंत्राच्या बाजूचं सांगतो. आजाराचं डॉक्टरमंडळी सांगतील.

तुमच्या स्क्रीनवर जे एकत्र दिसतं ते मुळात वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेलं असतं. घोरण्याची मिनिटं माइकवरून येतात. सॅमसंगच्या घड्याळांत तो माइक फोनचा. फिटबिटने सेन्स आणि व्हर्सा ३ मध्ये घड्याळाचाच माइक वापरला होता, त्यात बॅटरी भरभर उतरते. दोन्हीकडे सॉफ्टवेअर एकच काम करतं: आवाजाचे छोटे तुकडे पाडायचे, त्यात खालच्या पट्टीतला आणि श्वासाच्या लयीत परत परत येणारा आवाज शोधायचा. पत्र्यावरचा पाऊस सगळ्या पट्ट्यांत एकदम भरतो, त्याखाली घोरणं बुडून जातं. म्हणून पावसाच्या रात्रीचा आकडा सरळ सोडून द्या. पंख्याची घरघर एकसारखी असते, ती तितकी आड येत नाही. पण टेबलफॅन मान फिरवणारा असेल तर त्याचाही गोंधळ होतो.

अंतराचंही बघा. आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. फोन एके रात्री उशाशी, दुसऱ्या रात्री कपाटावर, तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. एक जागा ठरवा, ती बदलू नका. आणि कोण घोरतंय हे माइकला कळत नाही. शेजारी तुम्ही घोरलात तरी ते त्यांच्या खात्यात.

ऑक्सिजन हा वेगळा प्रकार आहे. नाडीसाठी घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो, ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त. इस्पितळात बोटाला चिमटा लावतात तेव्हा उजेड बोटातून आरपार जातो आणि पलीकडे मोजला जातो. मनगटात हाड मधे येतं, म्हणून उजेड आत टाकून परत आलेला मोजावा लागतो. हा संकेत मुळातच दुबळा. पट्टा सैल झाला, हात अंगाखाली आला, हात गार पडला, की आलेखात खड्डा किंवा रिकामी जागा. तुमचा रिकामा तास असाच गेला असणार. त्यातून बरीच घड्याळं रात्रभर सलग मोजत नाहीत, मधूनमधून नमुना घेतात. श्वास वीस सेकंद थांबला, ऑक्सिजन उतरला आणि लगेच सावरला, तर दोन नमुन्यांच्या मधे ते सगळं होऊन गेलेलं असतं.

कातडीच्या रंगाचाही प्रश्न आहे आणि तो आपल्याला लागू पडतो. अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०२० मध्ये गाजला. बोटाचा ऑक्सिमीटर ठीक दाखवतोय, पण धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी आहे, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा आढळलं. हे इस्पितळातल्या उपकरणाबद्दल, घड्याळ त्याच्याही खालचं. म्हणून ९५ दिसला की निर्धास्त व्हायचं नाही.

आता काही घड्याळांत स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याच्या आजाराची, सूचना देणारी वेगळी सोय येते, ती या घोरण्याच्या नोंदीशी मिसळू नका. सॅमसंगच्या सोयीला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता दिली. ती २२ वर्षांवरच्यांसाठी आहे आणि दहा दिवसांच्या आत दोन रात्री, प्रत्येकी चार तासांहून जास्त झोप, एवढं तिला लागतं. ॲपलची सप्टेंबर २०२४ मध्ये आली. ती आवाज ऐकत नाही, ऑक्सिजनही धरत नाही. श्वास अडकल्यावर मनगटाला जी बारीक हालचाल होते ती पकडते आणि तीस दिवसांचा हिशोब करून सांगते. दोन्ही मध्यम ते तीव्र आजाराची चिन्हं शोधायला केलेल्या आहेत. सूचना आली नाही म्हणजे आजार नाही, असं कंपन्याही म्हणत नाहीत. तुमच्या मॉडेलवर आपल्याकडे ती सोय चालू आहे का, ते ॲपमध्ये तपासा.

डिचोलीकर

ताई, घड्याळाचं नंतर बघा. रात्रपाळीवरून परतताना मोटरसायकल बंद करा, आजपासून. कारखान्याची बस असेल तर बस, नाहीतर कोणाच्या तरी मागे बसून येऊ दे. खाणी चालू होत्या तेव्हा आमच्या वाड्यावरचे निम्मे लोक ट्रकवर होते. झोपेने काय होतं ते आम्ही जवळून पाहिलंय. माणसाला स्वतःला कळतच नाही की त्याचा डोळा लागला होता.

कान_नाक_घसा

डिचोलीकरांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. या धाग्यातली सगळ्यात तातडीची गोष्ट तीच आहे.

पारिजात, तुम्ही जे वर्णन केलंय ते मला कुठल्याही आलेखापेक्षा जास्त सांगून जातं. छाती-पोट हलतंय आणि हवा येत नाही, याचा अर्थ श्वास घ्यायचा प्रयत्न चालू आहे पण वाट बंद आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. वाट अरुंद झाली की पडजीभ आणि मऊ टाळू वाऱ्यावरच्या पडद्यासारखे फडफडतात, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली की आवाजच थांबतो. घोरण्याची मिनिटं मोजणारं ॲप इथेच कमी पडतं: आजाराचा सगळ्यात वाईट भाग आवाजात नसतो, दोन आवाजांच्या मधल्या शांततेत असतो. एखादा माणूस रात्रभर घोरतो आणि श्वास एकदाही थांबत नाही. दुसऱ्याची घोरण्याची मिनिटं कमी भरतात, कारण तो मधला बराच वेळ श्वासच घेत नसतो.

आम्ही मोजतो ते असं. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला तर ॲप्निया. पूर्ण न थांबता उथळ झाला आणि त्याबरोबर ऑक्सिजन उतरला किंवा मेंदूला जाग आली तर हायपोप्निया. झोपेच्या दर तासाला दोन्ही मिळून किती, तो आकडा म्हणजे एएचआय. प्रौढांमध्ये ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. घड्याळातल्या घोरण्याच्या टक्केवारीचा या आकड्याशी थेट संबंध लावता येत नाही.

घरबसल्या करता येईल असं दोन प्रश्नावल्यांत आहे. एक स्टॉप-बँग, टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी २००८ मध्ये मांडलेली. मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, कोणीतरी श्वास थांबलेला पाहणं, वाढलेला रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, पुरुष असणं. आठ प्रश्न, हो किंवा नाही. तीन-चार हो म्हणजे मध्यम धोका, पाच किंवा जास्त म्हणजे मोठा. तुमच्या वर्णनातूनच चार हो मिळतात. शिवणाची टेप घेऊन गळा मोजा आणि रक्तदाब तपासून घ्या. दुसरी एपवर्थ. वाचताना, टीव्हीसमोर, जेवणानंतर स्वस्थ बसल्यावर, सिग्नलला गाडी थांबली असताना वगैरे आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ गुणांत सांगायची. एकूण २४, दहाच्या वर गेलं की तपासणी. ही नवऱ्याने स्वतः भरायची आहे आणि पुरुष त्यात हमखास कमी गुण लावतात. तुम्ही वेगळी भरा आणि दोन्ही घेऊन या.

आलेख डॉक्टर बघतील का? मी बघतो. निदान त्यावर करत नाही, पण ऑक्सिजनची रेघ करवतीच्या दात्यांसारखी परत परत खालीवर जात असेल, तर तपासणी लवकर लावतो. मात्र सगळ्यांत उपयोगी काय असतं सांगू? दोन मिनिटांचा व्हिडिओ. उजेड अगदी मंद, चेहरा आणि छाती दोन्ही दिसतील असा. श्वास थांबून परत सुरू होईपर्यंत बंद करू नका.

मडगावची_मंगल

डॉक्टर, बायकांचंही सांगा ना कोणीतरी. मी बावन्न वर्षांची. पाळी गेल्यावर घोरणं सुरू झालं. मुलाने हौसेने बँड आणून दिला. त्यात झोप सात तास, गुण चांगले, सगळं हिरवंगार. आणि मी सकाळी उठले की डोकं जड, अंग आंबलेलं, दुपारी कामं सुचत नाहीत. रात्री लघवीला उठणं वाढलेलं. सगळे म्हणाले वयाचं आहे, कोणी म्हणालं मन रमव. बँडही त्यांच्याच बाजूचा! शेवटी रक्तदाब वाढला तेव्हा एका तरुण डॉक्टरणीने विचारलं, "काकी, रात्री घुसमटून जाग येते का?" येत होती की. तपासणीत ॲप्निया निघाला, मध्यम.

कान_नाक_घसा

मंगलताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. पाळी थांबल्यावर बायकांमध्ये हा धोका ठळक वाढतो. त्यांची तक्रार बहुधा मोठ्या घोरण्याची नसते. थकवा, सकाळची डोकेदुखी, तुटक झोप, उदास वाटणं अशी ती येते आणि मग झोप सोडून सगळं तपासलं जातं. थायरॉइड मंदावलेला असेल तर तोही घोरणं वाढवतो, तो तपासला नसेल तर तपासा.

आणि बँडच्या हिरव्या गुणांबद्दल: मनगटाच्या हालचालीवरून आणि नाडीवरून झोपेचे टप्पे हे यंत्र ताडतं. मेंदूच्या लहरी ते बघत नाही. दर दोन मिनिटांनी काही सेकंद जाग येऊन झोप मोडत असेल, तर ते त्याला निवांत झोपलेला माणूसच वाटू शकतं.

सत्तरीचा_रानवारा

आमच्या घरचा अनुभव. मी स्वतः घोरतो, ॲप्निया नाही, तपासून घेतलंय. मला घड्याळाचा खराखुरा उपयोग झाला तो कशामुळे काय होतं हे कळायला. रोज संध्याकाळी ॲपमध्ये नोंद करायची: पाठीवर झोपलो की कुशीवर, नाक चोंदलेलं होतं का, जेवण किती वाजता, काही घेतलं का. एप्रिलमध्ये उर्राकचा (काजूच्या दारूचा) हंगाम, तेव्हाच्या रात्री आणि बाकीच्या रात्री समोरासमोर ठेवल्या आणि प्रश्नच उरला नाही. एक पेग फेणी झोपायच्या आधी घेतली की घोरणं दुपटीच्याही वर. तीच संध्याकाळी सातला घेऊन साडेअकराला झोपलो तर फरक कमी. आता झोपायच्या वेळेला घेत नाही.

दुसरं, पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना बुरशी येते, गाद्या ओलसर राहतात. जून ते सप्टेंबर नाक बंदच. उशा बदलल्या, गादीला उन्हं दिली, रात्री मिठाच्या पाण्याने नाक धुतलं, त्यानेही आलेख खाली आला. पाठीवर वळू नये म्हणून बायकोने जुन्या बनियनला मागे खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालून दिला. पहिले काही दिवस त्रास झाला, मग सवय लागली.

तोंडाला चिकटपट्टी लावायचं फॅड सध्या व्हिडिओंत दिसतंय, ते कोणी केलंय का?

कान_नाक_घसा

चिकटपट्टी नको. नाक बंद असलेल्या माणसाच्या तोंडाला पट्टी म्हणजे दोन्ही वाटा बंद. निदान न झालेल्या ॲप्नियात तर अजिबात नको. बाकी तुम्ही केलंत ते सगळं उत्तम. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास अडकल्यावर येणारी जागही उशिरा येते, दोन्ही बाजूंनी नुकसान. झोपेच्या गोळ्यांतही बऱ्याच अशाच. कोणी घोरतो आणि झोप नीट लागत नाही म्हणून मनानेच गोळी घेत असेल तर आधी डॉक्टरशी बोला.

उंबरठा

एक मुद्दा राहतोय. हे आवाज कुठे साठतात? झोपेचं बोलणं, नवरा-बायकोचं बोलणं, सगळंच त्यात येतं. ॲपला माइकची परवानगी देताना रेकॉर्डिंग फोनवरच राहतं की बाहेर जातं आणि किती दिवसांनी पुसलं जातं, हे वाचून घ्या. आणि ताई, त्यांना सांगून रेकॉर्ड करा. माझ्या बहिणीने न सांगता केलं होतं. तपासणी राहिली बाजूला, घरात दोन महिने अबोला होता.

पारिजात_फोंडा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मधे बरंच काही घडलं.

उंबरठा, त्याला सांगूनच करत होते, पण तुम्ही म्हणालात म्हणून सेटिंग तपासली आणि जुने तुकडे पुसले. डिचोलीकर, रात्रपाळीला मोटरसायकल बंद झाली. शेजारचा एक मुलगा त्याच कारखान्यात आहे, दोघे कंपनीच्या बसने येतात. यावर घरी बरीच वादावादी झाली. मी मागे हटले नाही.

आकडे दाखवून त्याला काही पटलं नाही. "८४" बघून म्हणाला घड्याळ सैल असेल. आणि खरंच सैल असू शकतं हे मला यंत्रवेडा यांच्यामुळे ठाऊक होतं, मग भांडू कशी? डॉक्टरांनी सांगितलं तसा व्हिडिओ काढला. रविवारी दुपारी चहा घेताना त्याच्या हातात फोन दिला. स्वतःचं पोट वर-खाली होताना तो बघत होता. आवाज थांबला तसा तो पुढे वाकला. परत श्वास सुरू होईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे रोज असं?" सोमवारी त्यानेच रजा टाकली.

घरीच करायची तपासणी झाली. संध्याकाळी माणूस येऊन जोडून गेला: नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. एएचआय ३८ आला. ऑक्सिजन सर्वांत खाली ७९. गळा ४२ सेंटिमीटर, रक्तदाबही वाढलेला निघाला, जो त्याने कधी तपासलाच नव्हता. डॉक्टरांनी सीपॅप (झोपताना मास्कमधून हवा देणारं मशीन) सुचवलंय, वजन उतरवायला सांगितलंय.

एक शंका. त्याच रात्री घड्याळही हातात होतं. त्यात ऑक्सिजन सर्वांत खाली ८७ दाखवला. एवढा फरक का?

यंत्रवेडा_पर्वरी

ताई, बोटाचं यंत्र सलग मोजतं, घड्याळ मधून मधून आणि शिवाय आकडे सरासरीत घालून गुळगुळीत करतं. टोकाचे खड्डे त्यात भरून निघतात. आणखी एक: घरच्या तपासणीत डोक्याला इलेक्ट्रोड नसतात, त्यामुळे माणूस नक्की झोपला किती हे कळत नाही. भागाकार रेकॉर्डिंगच्या पूर्ण वेळाने करतात. तो त्यात तास-दीड तास जागा असेल, तर खरा आकडा ३८ च्या वरच असणार. आपल्या निर्णयाला त्याने फरक पडत नाही, ३० च्या वर तो आहेच.

काणकोणचा_वारा

माझ्याकडे सीपॅप आहे, म्हणून काही कामाचं सांगतो. मशीन हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं, तो दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या मापात असतो. ही कल्पना सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडली. सगळं यश मास्कवर आहे. आधी भाड्याने घ्या, नाकाचा, नाकपुड्यांचा, पूर्ण तोंडाचा असे मास्क लावून बघा. मास्कमधून हवा गळत असेल तर पट्टे करकचून आवळू नका, माप बदला. सुरुवातीला दुपारी जागेपणी अर्धा तास लावून टीव्ही बघत बसायचं, म्हणजे रात्री घाबरायला होत नाही.

आपल्या हवेचं विशेष. ह्युमिडिफायरमध्ये (हवेला ओलावा देणाऱ्या टाकीत) शुद्ध केलेलं डिस्टिल्ड पाणीच घाला, सकाळी उरलेलं ओता, टाकी उलटी करून वाळवा. पावसाळ्यात नळी आपोआप वाळत नाही, आत काळे ठिपके येतात. मी ती न्हाणीत टांगत नाही, खोलीत पंख्याखाली टांगतो. फिल्टर दिलेल्या मुदतीच्या आधीच बदलावा लागतो. वीज जाण्याचं आहेच. घरचा इन्व्हर्टर किती वॉट देतो आणि ह्युमिडिफायर बंद ठेवला तर मशीन किती तास चालतं, ते विक्रेत्याकडून लिहून घ्या.

जुनं मशीन कोणी स्वस्तात देत असेल तर मॉडेल आधी तपासा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये लाखो मशीन परत मागवली होती, आतला आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण हवेत येण्याचा धोका होता म्हणून. उष्ण-दमट हवेत तो फोम लवकर खराब होतो असंही कंपनीने सांगितलं होतं, आणि आपली हवा तर तशीच.

पारिजात_फोंडा

काका, देव बरें करूं. भाड्याने आणलंय. दोन मास्क परत केले, तिसरा बसला. पहिल्या रात्री मीच झोपले नाही, इतकं सगळं शांत. घड्याळ त्याला अजून आवडतं म्हणून घालतो, पण उपचार चालतोय का हे आता मशीनच्या नोंदीवरून बघतो. त्यात रोजचा उरलेला एएचआय, मास्कची गळती आणि वापराचे तास येतात. गेला आठवडाभर एएचआय ५ च्या खाली आहे. परवा रात्रपाळी करून आला आणि भाजी आणायला स्वतःहून बाजारात गेला.

पेडण्याची_वाट

धागा वाचून विचारते. माझा मुलगा सहा वर्षांचा, रोज घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो, झोपेत घामाघूम होतो. शाळेतून तक्रार आहे की एका जागी बसत नाही. त्याला लहान मुलांचा बँड लावून बघू का?

कान_नाक_घसा

बँड नको, वेळ जाईल. घड्याळांच्या ॲप्निया-सूचना मोठ्यांसाठी आहेत आणि मुलांचे निकषही वेगळे. मुलांमध्ये तासाला एक घटनाही जास्त धरतात, मोठ्यांचा ५ चा आकडा त्यांना लागू नाही. या वयात बहुधा नाकामागच्या ॲडेनॉइड आणि टॉन्सिल वाढलेल्या असतात. मोठी माणसं पेंगतात, मुलं उलट चळवळी आणि चिडकी होतात. त्यामुळे शाळेची तक्रार मी गंभीरपणे घेईन. झोपेतला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, बनियन काढून, म्हणजे छाती आत ओढली जाते का ते दिसेल. सर्दी-कान दुखण्याचा इतिहास, वजन आणि उंची कागदावर लिहा आणि म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कान-नाक-घसा ओपीडीला याच आठवड्यात दाखवा. श्वास घेताना ओठ निळसर दिसले तर ओपीडीची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

पेडण्याची_वाट

आज रात्रीच व्हिडिओ काढते. उद्या केसपेपर काढायला म्हापशाला जातो आहोत.